ओढ आणि पकड

जुहूच्या किनाऱ्यावर गणेशोत्सवाच्या दिवसांत एक काम दरवर्षीं मुकाट्यानें होत असतें. विसर्जनापूर्वीं महापालिकेचे कामगार येतात आणि मऊ वाळूवर लोखंडाच्या जाड प्लेटा ओळीनें अंथरतात. विसर्जनाच्या दिवशीं मूर्तींच्या गाड्या त्यांवरून पाण्याच्या दिशेनें जातात. जमलेल्या समुदायाचें लक्ष मूर्तीकडे असतें. चाकांखालच्या लोखंडाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु मालवाहू पिकअप गाडीनें अधिक वजन कसें ओढावें, या प्रश्नाचें निम्में उत्तर त्या प्लेटांनीं आधींच देऊन ठेवलेलें असतें.

अधिक ओढ हवी तर अधिक मोठें इंजिन हवें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रस्त्यांत बंद पडलेली मोटार दुसऱ्या गाडीस बांधून नेणें यास वाहनचालकांच्या भाषेंत ‘टोचन’ म्हणतात. मुंबईच्या पावसाळ्यांत असा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊं शकतो. दोर बांधला जातो, पुढील पिकअपचें इंजिन गर्जूं लागतें, तिचीं मागचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात, रबर जळल्याचा वास सुटतो, आणि मागची मोटार तसूभरही हालत नाहीं. भोंवतीं जमलेली मंडळी एकमुखानें निर्णय देतात, “गाडींत दम नाहीं.” वस्तुतः जागीं फिरणारीं तीं चाकें नेमकें उलट सांगत असतात. दम त्यांना फिरविण्यापुरता होता. जमिनीवरील पकड मात्र कमी पडली. हा भेद ज्यास उमगला त्याचे पैसे वांचतात, आणि प्रसंगीं कोणाचे प्राणही वांचतात.

आंकड्यांनीं पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. एखाद्या साधारण डिझेल पिकअपच्या इंजिनाचें पिळबळ, ज्यास टॉर्क म्हणतात तें, २०० न्यूटन-मीटर आहे असें धरावें. पहिल्या गिअरांत तें सुमारें पांचपट होतें, आणि मागील आसावरील डिफरन्शियलच्या दांत्यांमुळें पुन्हा चौपट. एकूण वीसपट झालें, म्हणजे ४,००० न्यूटन-मीटर. त्यांतील दहावा हिस्सा दांत्यांच्या घर्षणांत खर्ची पडला, तर ३,६०० उरतात. चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर असेल, तर टायरच्या कडेला १०,००० न्यूटन, म्हणजे स्थूलमानानें १,००० किलो वजनाइतकी ओढ उत्पन्न होते. ही झाली इंजिनाची बाजू.

आतां जमिनीची बाजू. तीच पिकअप रिकामी असतां तिचें वजन १,७०० किलो आहे असें समजावें. रिकाम्या पिकअपचा पुढचा भाग जड असतो, कारण इंजिन व चालक दोन्ही पुढें; मागचा हौदा हलका. म्हणून ज्या मागच्या चाकांनीं ओढावयाचें त्यांच्यावर जेमतेम ७०० किलो भार पडतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड त्या भाराच्या सुमारें सात-दशांश असते. म्हणजे ४९० किलो. ओल्या, निसरड्या रस्त्यावर ती चार-दशांशावर येते; म्हणजे २८० किलो. भुसभुशीत वाळूंत तीन-दशांश धरली तर २१० किलोच हातीं येतात. इंजिन एक हजार देण्यास तयार आहे, आणि जमीन दोनशें दहाच घेण्यास राजी आहे! वरचा सगळा जोर चाकें फिरविण्यांत, टायर झिजविण्यांत आणि खड्डा खणण्यांत जातो. अशा ठिकाणीं इंजिनाची शक्ति दुप्पट केली तर खड्डा लवकर खणला जाईल, एवढाच फरक पडेल.

यावरून पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आपोआप सुचतो. ओढणाऱ्या चाकांवर भार घालावा. हौद्यांत मागच्या आसाच्या बरोबर वर वाळूचीं पोतीं रचून ९०० किलो वजन वाढविलें, तर मागच्या चाकांवर १,६०० किलो येतात आणि कोरड्या डांबरावरील पकड ४९० वरून १,१२० किलोंवर जाते. इंजिनाला हात न लावतां ओढ दुपटीहून अधिक झाली. अर्थात हा भार गाडीच्या ठरलेल्या मर्यादेंत हवा, आणि आसाच्या फार मागें जातां कामा नये. नाहीं तर पुढचीं चाकें हलकीं होतात आणि स्टिअरिंग फिरविलें तरी गाडी वळेनाशी होते.

रेल्वेच्या इंजिनिअरांस ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक होती. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या बहुतेकांनीं कर्जतचा तो थांबा अनुभवलेला आहे, जेथें गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडीत असत. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर ३७ फुटांस १ फूट असा कठीण चढ आहे. एकाच इंजिनाची अश्वशक्ति वाढवून तो चढ सुटत नाहीं, कारण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक घसरतें. मागून जोडलेल्या इंजिनामुळें शक्ति वाढते, आणि त्याबरोबर रुळावर दाबून बसलेलीं ओढणारीं चाकेंही वाढतात. याखेरीज इंजिनावर कोरड्या वाळूची पेटी असते. चाक घसरूं लागलें कीं नळीवाटे चिमूटभर वाळू रुळावर सोडतात. रुळावर पकड देणारी ती वाळू जुहूच्या किनाऱ्यावर पकड हिरावून घेते, यांत विरोध नाहीं. कठीण लोखंडावर पसरलेला वाळूचा पातळ थर चाकाला धरतो. खालीं आधार नसलेला हातभर थर चाकाला गिळतो.

चारही चाकांना शक्ति पोंचविणारी रचना हें याच तत्त्वाचें दुसरें रूप. १९४७ सालाच्या सुमारास मुंबईंत महिंद्र यांच्या कारखान्यांत विलीज जीप जुळविण्यास आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेल्या त्या छोट्या गाडीचें इंजिन अवघें साठ अश्वशक्तीचें होतें. तरीही चिखलांतून लहान तोफा आणि भरलेले ट्रेलर ती ओढून नेई. चारही चाकें ओढत असल्यामुळें तिच्या सगळ्या वजनाचा उपयोग पकडीसाठीं होत असे, आणि जादा गिअरपेटीमुळें अगदीं संथ गतींत पिळबळ कित्येक पटींनीं वाढवितां येत असे. वरील हिशेबांतील १,७०० किलोंच्या पिकअपला अशी रचना असेल, तर पोतीं न भरतांही वाळूंत २१० ऐवजीं ५१० किलोंची पकड मिळेल.

पकड मुबलक असून इंजिन कमी पडतें, असेही प्रसंग येतात. भरल्या हौद्यानिशीं घाट चढतांना नेमकें हेंच घडतें. तेथें गिअरांकडे वळावें. डिफरन्शियलच्या दांत्यांचें प्रमाण ४.१ ऐवजीं ४.६ केलें, तर प्रत्येक गिअरांत सुमारें बारा टक्के ओढ वाढते. मात्र तितक्याच प्रमाणांत वेग घटतो आणि सपाट रस्त्यावर इंजिन अधिक फेरे करूं लागतें. याच्या उलट, दिसण्यास रुबाबदार म्हणून मोठ्या व्यासाचे टायर बसविणारा मालक नकळत ओढ कमी करून घेतो, कारण चाकाची त्रिज्या वाढली कीं कडेवरचें बळ घटतें. इंजिनांत जादा इंधन सोडून शक्ति वाढविण्याचा मार्गही कांहीं गॅरेजांत सुचविला जातो. त्यानें शक्ति वाढते हें खरें. पण उष्णता वाढते, क्लच जळतो, आणि ज्या दांत्यांची घडण ठरावीक बळासाठीं झाली होती ते एखाद्या चढावर तुटून पडतात. शिवाय कारखान्यानें ठरवून दिलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें प्रतिबंध केला आहे. ज्याची सारी उपजीविका एका पिकअपवर चालते, त्यानें हा सौदा फार विचारपूर्वक करावा. स्वच्छ एअर फिल्टर, योग्य हवेचे टायर, न घसरणारा क्लच आणि भरलेला रेडिएटर एवढ्यांनींच पुष्कळदां हरवलेली ओढ परत मिळते.

आतांपर्यंतचा विचार ओढणाऱ्या गाडीचा झाला. ओढल्या जाणाऱ्या वजनाचाही विचार अवश्य आहे, कारण विरोध घटविणें हें ओढ वाढविण्याइतकेंच फलदायी असतें. सपाट डांबरी रस्त्यावर एक टनाची मोटार हलती ठेवण्यास पंधरा किलोंच्या आसपास बळ पुरतें. म्हणूनच दोन माणसें ती ढकलूं शकतात. दहा फुटांस एक फूट चढ आला कीं त्यांत दर टनामागें शंभर किलोंची भर पडते. आणि मऊ वाळूंत चाकें रुतूं लागलीं कीं तोच आंकडा अडीचशें-तीनशेंवर, किंबहुना त्याहूनही वर जातो. जी मोटार रस्त्यावर एका हातानें हलते, ती वाळूंत दहा माणसांना दाद देत नाहीं.

जुहूच्या वाळूंत एखादी मोटार रुतते तेव्हां या सर्व गोष्टी एकदम कसोटीस लागतात. वरची कोरडी वाळू मऊ असते; ओहोटीनें नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू घट्ट दिसते. तिच्या विश्वासावर कोणी मोटार खालीं नेतो, परततांना मऊ पट्ट्यांत चाक फिरूं लागतें, चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, आणि पाहतां पाहतां मोटारीचें पोट वाळूवर टेकतें. तिकडे भरती थांबत नाहीं. ओहोटीच्या टोकापासून भरतीच्या टोकापर्यंत सुमारें सव्वासहा तासच असतात, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईचें पाणी चार मीटरांहून अधिक चढतें. किनारा उथळ असल्यानें तें पाणी आडवें फार झपाट्यानें पसरतें. पहिली लाट चाकांना लागली कीं त्यांच्या भोंवतींची वाळू धुपते आणि मोटार आणखी खालीं बसते. अशा वेळीं बोलावलेल्या पिकअपच्या चालकापाशीं चुका करण्यास अवकाश नसतो.

शहाणा चालक येतांच दोर बांधीत नाहीं. तो आधीं फावडें मागतो. चाकांच्या पुढची वाळू उतार देऊन काढली, पोटाखालची मोकळी केली, कीं निम्मा विरोध तेथेंच संपतो. मग तो रुतलेल्या मोटारीच्या टायरांतील हवा जवळजवळ निम्मी सोडतो. मऊ झालेला टायर वाळूवर लांबट पसरतो, तेंच वजन मोठ्या जागेवर वांटलें जातें आणि चाक रुतण्याऐवजीं वर राहतें. उंटाचा पसरट पाय जें काम करतो तेंच हें काम. रस्त्यावर परततांच हवा पुन्हा भरावयास हवी, हें मात्र विसरतां कामा नये. त्यानंतर तो चाकांपुढें फळ्या, पत्रे, जें मिळेल तें घालतो. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी होडी वर ओढतांना तिच्याखालीं लांकडी ओंडके घालतात, आणि महापालिका विसर्जनासाठीं लोखंडी प्लेटा घालते. जमीन साथ देत नसेल, तर आपली जमीन आपण घेऊन जावी, हा एकच विचार या सर्वांच्या मुळाशीं आहे.

पिकअप स्वतः कोठें उभी करावी, हा पुढचा प्रश्न. ती मऊ वाळूंत नेली तर एका रुतलेल्या गाडीच्या दोन होतात. म्हणून ती कठीण जमिनीवर ठेवून लांब दोर वापरावा. दोर गाडीच्या बंपरला कधींही बांधूं नये. चौकटीला जोडलेल्या ओढण्याच्या आंकड्यासच बांधावा. आरंभ हलकेच, खालच्या गिअरांत व्हावा. चाक फिरूं लागलें तर पाय उचलावा, दाबूं नये. कारण साध्या डिफरन्शियलची रचनाच अशी आहे कीं एक चाक मोकळें फिरूं लागलें म्हणजे दुसऱ्यास त्याच्या इतकेंच क्षीण बळ मिळतें. दोन्ही चाकें एकत्र बांधणारें कुलूप ज्या डिफरन्शियलला असतें तें येथें कामास येतें. आणि विंच उपलब्ध असेल, तर रुतलेल्या गाडीवर एक कप्पी लावून दोर तींतून परत फिरवावा. फिरत्या कप्पीनें ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. यांत इंधन जाळून मिळविलेली जादा शक्ति एक थेंबभरही नाहीं.

दोराविषयीं विशेष सांगितलें पाहिजे, कारण जीवितहानि येथेंच होते. ढिला दोर सोडून गाडी वेगानें पुढें घेतली, म्हणजे झटका बसतो आणि त्या क्षणीं दोरावर येणारा ताण स्थिर ओढीच्या कित्येक पट असतो. ताणलेला दोर तुटला, किंवा त्याचा लोखंडी आंकडा उखडला, तर तो गोफणीच्या दगडासारखा येतो. म्हणून दोराच्या दोन्ही बाजूंस, निदान त्याच्या लांबीइतक्या अंतरांत, कोणीही उभें राहूं नये. मध्यावर ओलें जाड पोतें टाकून ठेवावें, म्हणजे तुटलेल्या दोराचा वेग कमी होतो. तमाशा पाहण्यास जमलेल्या मुलांना आधीं दूर घालवावें आणि मगच इंजिन सुरू करावें.

दोर तुटल्यानें काय होतें याचें फार मोठें उदाहरण जुहूनें पाहिलें आहे. जून २०११ मध्यें ‘विस्डम’ नांवाचें जुनें जहाज मोडीसाठीं कोलंबोहून गुजरातेंतील अलंगकडे ओढून नेलें जात होतें. वादळी समुद्रांत ओढीचा दोर तुटला आणि तें भरकटत येऊन जुहूच्या वाळूंत बसलें. त्यावर्षीं ३१ जुलैला ‘पवित’ नांवाचें चालकरहित टँकर जहाजही जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यास लागलें. बघ्यांची जत्रा लोटली. हीं जहाजें सोडवितांना शक्तिमान् टग-बोटींनाही मोठ्या भरतीची वाट पाहावी लागली. भरतीचें पाणी जहाजाचा भार स्वतः उचलून घेतें आणि वाळूची मिठी सैल करतें. तेव्हांच ओढीस यश येतें. जें पाणी रुतलेल्या मोटारीचें वैरी, तेंच रुतलेल्या जहाजाचें तारक ठरलें. विरोध केव्हां कमी होईल हें ओळखून त्या क्षणासाठीं थांबणें, हेंही ओढण्याच्या विद्येचेंच अंग आहे.

जुहूच्या जमिनीचा हा स्वभाव विमानांनाही जाचला होता. १९२८ सालीं येथें विमानतळ झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेंच उतरले. पण पावसाळ्यांत त्या मैदानाचा चिखल होई, आणि टाटांच्या टपाल-विमानांना त्या महिन्यांत पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. विमानाचें इंजिन उत्तम होतें. चाकांखालची जमीन तशी नव्हती.

एक गोष्ट उरली, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. जें ओढतां येतें तें थांबवितांही आलें पाहिजे. १,७०० किलोंच्या पिकअपमागें ब्रेक नसलेला एक टनाचा ट्रेलर लावला, तर त्याच ब्रेकांना आतां २,७०० किलो थांबवावे लागतात; जेथें वीस मीटरांत गाडी थांबत होती तेथें बत्तीस मीटर लागतात. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचें अंतर चौपट होतें. बोरघाट चढतांना ओढ कमी पडली, तर गाडी फार तर उभी राहील. तोच घाट उतरतांना ब्रेक तापून निकामी झाले, तर पुढच्या वळणावर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून ज्या गिअरांत चढ चढला त्याच गिअरांत उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. ट्रेलरचें वजन पुढें-मागें तोलून, त्याचा सुमारें दहावा हिस्सा जोडावर येईल असें ठेवावें. सगळें ओझें मागें गेलें तर ट्रेलर शेपटासारखा हेलकावे खाऊं लागतो आणि अखेरीस ओढणाऱ्या गाडीलाच ओढून नेतो. ओढ वाढविण्यासाठीं खर्च करावयाचा असेल, तर पहिला रुपया ब्रेकांवर, दुसरा टायरांवर, तिसरा दोरावर व आंकड्यावर खर्चावा. इंजिनाची पाळी त्यानंतर.

विसर्जन आटोपल्यावर जुहूच्या त्या लोखंडी प्लेटा उचलल्या जातात. त्यांच्यावरून किती टन ओझें गेलें याची कोठें नोंद राहत नाहीं, आणि ज्या गाड्यांनीं तें नेलें त्यांच्या इंजिनांत त्या दिवसापुरती कांहीं जादा शक्ति आलेली नसते. पाण्याच्या दिशेनें जाणाऱ्या चाकांना पाय रोवण्यापुरती घट्ट जागा मिळाली होती, आणि तेवढ्यानें काम झालें.